दीपनगरची राख आणि विजेचा धक्का

भुसावळहून वरणगावकडे निघाले की दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या लांबूनच दिसू लागतात. फेकरी, निंभोरा, पिंप्रीसेकम या गावांसमोर तर त्या दिवसरात्र उभ्या असतात. एवढा कोळसा जळत असूनही चिमणीच्या तोंडाशी बहुतेक वेळा फिकट, विरळ धूरच दिसतो. चिमणी उंच असल्यामुळे धूर वरच्या वर निघून जातो, असे अनेकांना वाटते. ५०० मेगावॅट आणि त्याहून मोठ्या संचांसाठी आपल्याकडे २७५ मीटर उंच चिमणीचा नियम झाला, तो काही उगीच नाही. पण उंचीमुळे राख नाहीशी होत नाही, ती फक्त लांबवर आणि विरळ होऊन पडते. राख खरोखर थांबते ती चिमणीच्या अलीकडे. तिथे बंद गोदामासारख्या दिसणाऱ्या प्रचंड लोखंडी पेट्या उभ्या असतात. केंद्रातले लोक त्यांना ‘ईएसपी’ म्हणतात. आपण त्यांना स्थिरविद्युत धूळसंग्राहक म्हणू शकतो. विद्युतभारित कणांना विजेच्या बळाने हवे तिकडे ढकलायचे, हे आधुनिक भौतिकशास्त्रातले एक मोठे कसब आहे. खानदेशात त्याचा सगळ्यात मोठा आणि सतत चालणारा प्रयोग याच पेट्यांमध्ये होतो.

आधी या कामाचा आवाका पाहू. दीपनगरचा पहिला छोटा संच १९६८ साली सुरू झाला. पुढे १९७९ आणि १९८२ मध्ये २१० मेगावॅटचे दोन संच आले, २०१२ मध्ये ५०० मेगावॅटचे दोन, आणि आता ६६० मेगावॅटच्या संचाची भर पडली आहे. ५०० मेगावॅटचा संच पूर्ण भाराने चालला तर ताशी सुमारे साडेतीनशे टन कोळसा खातो. आपल्या देशी कोळशात राखेचे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांपर्यंत असते. म्हणजे दर तासाला शंभर-सव्वाशे टन राख तयार होते. त्यातला जड, वितळून घट्ट झालेला भाग बॉयलरच्या तळाशी पडतो. उरलेली सुमारे ८० टक्के राख पिठाहून बारीक असते. तिचे कण काही मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्श्याच्या मापाचे असतात. तापलेल्या वायूबरोबर ती वर उचलली जाते. हीच ‘फ्लाय ॲश’. काहीच केले नाही तर अशा एकाच संचाच्या चिमणीतून दर तासाला शंभर टनांच्या आसपास राख तापीकाठच्या शेतांवर आणि घरांवर पसरेल.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये औष्णिक केंद्रांसाठी नवी मानके ठरवली. २००४ ते २०१६ या काळात बसलेल्या संचांना एक घनमीटर वायूमागे ५० मिलिग्रॅमपेक्षा जास्त धूळ सोडता येत नाही. २०१७ नंतरच्या संचांसाठी ही मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. बॉयलरमधून निघणाऱ्या वायूत मात्र घनमीटरमागे पन्नास-साठ ग्रॅम राख असते. ग्रॅमवरून मिलिग्रॅमवर यायचे म्हणजे हजारातले ९९९ भाग वाटेतच पकडायला हवेत.

जाळी किंवा कापडाची पिशवी लावूनही धूळ अडवता येते, आणि काही ठिकाणी तसे करतातही. पण जाळीतून वायू ढकलायला जोर लागतो, आणि एवढ्या वायूला सतत जोर लावणे महाग पडते. ईएसपीत वायूला कोणी अडवत नाही. तो सेकंदाला साधारण एक मीटर या संथ गतीने, १३० ते १५० अंश सेल्सिअस तापमानात, उभ्या पोलादी पत्र्यांच्या रांगांमधल्या मोकळ्या वाटेने जातो. दोन पत्र्यांमध्ये ३० ते ४० सेंटिमीटरचे अंतर असते, आणि त्या वाटेच्या मधोमध काटेरी किंवा पातळ तारा लोंबत असतात. पत्रे जमिनीला जोडलेले असतात. तारांवर सुमारे ५० ते ७० हजार व्होल्टचा ऋण दाब दिलेला असतो.

एवढ्या दाबाला तारेलगतची हवा टिकाव धरू शकत नाही. साधारण हवेत दर मीटरला ३० लाख व्होल्टपर्यंत विद्युतक्षेत्र गेले की हवेचे रेणू फुटू लागतात. तार बारीक असल्यामुळे तिच्या अगदी जवळ ही मर्यादा ओलांडली जाते आणि अंधारात निळसर-जांभळी आभा दिसते. त्या आभेतून सुटलेले इलेक्ट्रॉन वायूच्या रेणूंना चिकटतात आणि ऋण आयन बनतात. हे आयन पत्र्यांकडे धाव घेतात. वाटेत राखेचा कण भेटला की त्याच्यावर बसतात. कणावर इतका भार साठतो की पुढच्या आयनांना तो स्वतःच दूर लोटू लागतो, आणि तिथे भरणे थांबते. दहा मायक्रॉनच्या कणावर असे पंधरा-वीस हजार इलेक्ट्रॉन मावतात. ऋण भाराने लादलेला हा कण आता त्याच क्षेत्रामुळे पत्र्याकडे ओढला जातो.

ही ओढ किती मोठी असते, याचे गणित कोणालाही करता येईल. पत्रा आणि तार यांमधले क्षेत्र दर मीटरला तीन-चार लाख व्होल्ट धरले, तर दहा मायक्रॉनच्या कणावरचे विद्युतबळ त्याच्या वजनाच्या शंभरपटीच्या आसपास जाते. नुसत्या गुरुत्वाकर्षणावर सोडला तर हाच कण सेकंदाला जेमतेम पाच मिलिमीटर खाली येईल आणि वायू त्याला सहज चिमणीत घेऊन जाईल. विजेने ओढल्यावर मात्र पंधरा-वीस सेकंदांच्या प्रवासात त्याला वीस सेंटिमीटरवरचा पत्रा गाठायचा असतो, आणि तो गाठतो. एक मायक्रॉनच्या आणि त्याहून लहान कणांवर भार कमी मावतो, म्हणून ते हळू सरकतात आणि त्यांना पकडणे सगळ्यात कठीण. फुफ्फुसात सर्वांत खोलवर जाणारे कणही हेच. त्यामुळे ईएसपीची खरी परीक्षा या बारीक राखेवरच होते.

पत्र्यावर राखेचा थर जमला की ठरावीक वेळाने हातोडे पत्र्यांवर आघात करतात. याला ‘रॅपिंग’ म्हणतात. थर सुटून खालच्या नरसाळ्याच्या आकाराच्या हॉपरमध्ये पडतो. हातोडा फार जोरात आपटला तर राख पुन्हा उधळते, फार हळू आपटला तर थर सुटत नाही. हे जुळवण्यात अनुभवी कामगाराचा हात लागतो.

विद्युतक्षेत्र एवढे काम करते, तर चुंबकीय क्षेत्र इथे का वापरत नाहीत? दोन क्षेत्रांमधला मूळ फरक या प्रश्नात दडलेला आहे. विद्युतक्षेत्र भारित कणाला ढकलते, मग तो कण उभा असो वा धावत असो. चुंबकीय क्षेत्र फक्त धावत्या कणावर बळ लावते, आणि तेही त्याच्या गतीला काटकोनात. त्यामुळे चुंबक कणाची दिशा वळवू शकतो, पण वेग वाढवू शकत नाही. कण जितका वेगात, तितके चुंबकाचे बळ जास्त. राखेचा कण सेकंदाला एक मीटर जातो. एक टेस्लाचे, म्हणजे घरातल्या कुठल्याही लोहचुंबकाहून कितीतरी जोरदार क्षेत्र लावले, तरी त्याचा परिणाम दर मीटरला एका व्होल्टएवढ्या विद्युतक्षेत्राइतकाच होईल. ईएसपीत आपण तीन लाख व्होल्ट लावून बसलो आहोत. म्हणून दीपनगरच्या पेट्यांत चुंबकाला काम नाही.

आता दहा लाख व्होल्टइतकी ऊर्जा घेतलेला प्रोटॉन पाहा. तो सेकंदाला सुमारे १४ हजार किलोमीटर धावतो. त्याच एक टेस्लाच्या क्षेत्राचे बळ आता दर मीटरला एक कोटी चाळीस लाख व्होल्टच्या बरोबरीचे होते. एवढे विद्युतक्षेत्र आपण साध्या हवेत उभे करूच शकत नाही, ठिणग्या पडतील. म्हणून कणांना वेग द्यायला विद्युतक्षेत्र आणि वळवून ताब्यात ठेवायला चुंबकीय क्षेत्र, अशी कामाची वाटणी झाली आहे. जगातल्या बहुतेक मोठ्या कणत्वरकांत ती पाळलेली दिसते.

राखेची पेटी आणि कणत्वरक यांतला दुसरा फरक पोकळीचा. ६० हजार व्होल्टचा दाब निर्वात नळीतल्या इलेक्ट्रॉनला मिळाला तर तो प्रकाशाच्या जवळजवळ ४५ टक्के वेगाने सुटतो. तेवढ्याच दाबात राखेचा कण सेकंदाला काही सेंटिमीटर सरकतो, कारण तो अवजड आहे आणि भोवती दाट वायू आहे. विजेची ओढ आणि वायूचा विरोध क्षणात बरोबरीला येतात, आणि कण एकाच वेगाने चालत राहतो. त्याला त्वरण मिळत नाही, वाहतूक मिळते. राखेसाठी तेवढे पुरेसे आहे.

ही युक्ती एका दिवसात सुचलेली नाही. १८२४ मध्ये लाइपझिगच्या होलफेल्ड यांनी धुराने भरलेल्या बरणीत विद्युतभारित तार सोडून धूर निवळतो, हे दाखवले होते. १८८० च्या दशकात इंग्लंडचे शास्त्रज्ञ ऑलिव्हर लॉज यांनी वेल्समधल्या शिसे वितळवण्याच्या कारखान्यात हे तत्त्व लावून पाहिले. हाताशी पुरेसा दाब सतत देणारे यंत्र नसल्याने ते फसले. यश आले ते कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या फ्रेडरिक कॉट्रेल यांना. त्यांचे पेटंट १९०८ चे. प्रत्यावर्ती विजेचा दाब ट्रान्सफॉर्मरने वाढवून, फिरत्या यांत्रिक स्विचने तो एकदिश करण्याची सोय त्यांनी केली. कापसाच्या सुताने गुंडाळलेल्या तारेपाशी अंधारात आभा उजळते, हेही त्यांच्या नजरेने टिपले. सुतावरचे बारीक तंतू असंख्य टोकांसारखे वागतात आणि प्रत्येक टोकापाशी हवा फुटते. कापूस पिकवणाऱ्या आपल्या भागाने ही गोष्ट मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. आजच्या ईएसपीतल्या काटेरी तारांचे मूळ त्या निरीक्षणात आहे.

कॉट्रेल यांची पुढची कृती मला त्यांच्या शोधाइतकीच मोठी वाटते. पेटंटमधून येणारा पैसा स्वतःकडे न ठेवता त्यांनी १९१२ मध्ये ‘रिसर्च कॉर्पोरेशन’ ही संस्था उभी करायला तो दिला. नव्या संशोधनाला मदत करणे, हे तिचे काम. पुढे १९३१ मध्ये त्याच विद्यापीठातला अर्नेस्ट लॉरेन्स हा तरुण भौतिकशास्त्रज्ञ एका नव्या यंत्रासाठी पैसे शोधत होता, तेव्हा ही संस्था त्याच्या मदतीला आली. ते यंत्र म्हणजे सायक्लोट्रॉन. कारखान्यांच्या धुराड्यातली धूळ पकडून मिळालेल्या पैशाने अणूच्या गाभ्यापर्यंत पोचणाऱ्या यंत्राला हातभार लागला.

लॉरेन्स यांची कल्पना साधी होती. एकदम प्रचंड व्होल्टेज उभे करणे अवघड आहे ना, मग छोटा धक्का पुन्हा पुन्हा द्यावा. चुंबक प्रोटॉनला गोलात फिरवतो. प्रत्येक अर्ध्या फेरीनंतर तो दोन पोकळ धातूपेट्यांमधली फट ओलांडतो आणि तिथे त्याला विजेचा धक्का बसतो. वेग वाढला की वर्तुळ मोठे होते, पण एका फेरीला लागणारा वेळ तोच राहतो. म्हणून विजेची दिशा ठरलेल्या तालावर बदलत ठेवली की धक्का नेहमी योग्य वेळी बसतो. लॉरेन्स आणि त्यांचे विद्यार्थी लिव्हिंग्स्टन यांनी जानेवारी १९३१ मध्ये साडेचार इंच व्यासाच्या यंत्रात दोन हजारांहून कमी व्होल्ट वापरून कणांना ८० हजार व्होल्टएवढी ऊर्जा दिली. १९३९ चे भौतिकशास्त्राचे नोबेल लॉरेन्स यांना मिळाले.

या विद्येचे आजचे मोठे घर पाहायला खानदेशातून फार लांब जावे लागत नाही. धुळ्याहून मुंबई–आग्रा महामार्गाने शिरपूर, सेंधवा ओलांडून पुढे गेले की इंदूर येते. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात ‘इंडस-२’ हा १७२.५ मीटर परिघाचा वलयाकार मार्ग आहे. आधी मायक्रोट्रॉन, मग बूस्टर, मग वलय अशा टप्प्यांनी इलेक्ट्रॉनना अडीचशे कोटी व्होल्टची ऊर्जा दिली जाते. चुंबक त्यांना वळवतात. वळताना हे इलेक्ट्रॉन तीव्र क्ष-किरण आणि प्रकाश फेकतात, आणि त्या प्रकाशात औषधांचे रेणू, धातू, स्फटिक यांची आतली रचना वाचता येते.

कर्करोगाच्या रुग्णालयांतले ‘लिनॅक’ हे याच कुळातले यंत्र आहे. त्यात सूक्ष्मलहरींच्या विद्युतक्षेत्रावर स्वार होऊन इलेक्ट्रॉन सरळ रेषेत धावतात, टंगस्टनवर आदळतात आणि गाठीवर सोडायचे क्ष-किरण तयार होतात. मुंबईच्या ‘समीर’ या सरकारी संस्थेने ६० लाख व्होल्टचा देशी लिनॅक बनवला, आणि तो सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात रुग्णांसाठी वापरला गेला. खारघरला टाटा स्मारक केंद्राच्या संकुलात २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू झाले आहेत. तिथे सायक्लोट्रॉनच २३ कोटी व्होल्टच्या ऊर्जेचे प्रोटॉन पुरवतो.

पण खानदेशाच्या रोजच्या श्वासाशी संबंध आहे तो दीपनगरच्या पेट्यांचा, म्हणून तिकडे परत येतो. ईएसपी एकसंध नसते. वायूच्या वाटेत एकामागे एक अनेक भाग असतात, त्यांना ‘फील्ड’ म्हणतात. प्रत्येक फील्डचा विद्युतपुरवठा वेगळा. कण पकडण्याचे गणित असे, की प्रत्येक फील्ड आपल्यापर्यंत आलेल्या राखेचा ठरावीक हिस्सा पकडते. समजा पाच फील्ड आहेत आणि प्रत्येक ७५ टक्के राख पकडते. पहिल्यानंतर २५ टक्के उरते, दुसऱ्यानंतर सहा, तिसऱ्यानंतर दीड, चौथ्यानंतर ०.४ आणि पाचव्यानंतर ०.१ टक्का. हजारात एक, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या जेमतेम आसपास. आता एक फील्ड बंद पडले, तार तुटली किंवा हॉपर तुंबून राख तारांपर्यंत चढली. चारच फील्ड उरली की बाहेर पडणारी राख चौपट होते. सगळी फील्ड चालू आहेत, पण प्रत्येकाची क्षमता ७५ वरून ७० टक्क्यांवर घसरली, तरी बाहेरची राख जवळजवळ अडीचपट होते. आत झालेला छोटा बिघाड चिमणीवर असा मोठा होऊन दिसतो. म्हणूनच देखभालीला मी यंत्राच्या रचनेइतकेच महत्त्व देतो.

आपल्या कोळशाने हे काम आणखी अवघड केले आहे. भारतीय कोळशात गंधक कमी असते, साधारण अर्धा टक्का. एरवी ही चांगली गोष्ट आहे. पण जळताना गंधकापासून तयार होणारी थोडीशी आम्लता राखेला किंचित विद्युतवाहक करते, आणि तीच आपल्याकडे कमी पडते. शिवाय राखेत सिलिका आणि ॲल्युमिना भरपूर. अशी राख पत्र्यावर बसली तरी आपला भार सहजासहजी सोडत नाही. थरात दाब साठत जातो, अखेर थर आतून फुटतो आणि उलट दिशेने धन आयन सुटतात. ते येणाऱ्या कणांचा ऋण भार खोडून टाकतात. विजेचा खर्च होतो, राख मात्र निसटते. यावर उपाय म्हणून दाब अखंड न देता थांबूनथांबून देतात, कधी वायूत अमोनियाची अल्प मात्रा सोडतात. मुख्य म्हणजे पेट्याच मोठ्या बांधतात. आपल्याकडच्या ईएसपी परदेशी पेट्यांपेक्षा अवाढव्य दिसतात, त्यामागे हे कारण आहे. बीएचईएल या सरकारी कंपनीचा तमिळनाडूतल्या राणीपेटचा कारखाना अशा पेट्या बनवतो.

ईएसपीची मर्यादाही सांगायला हवी. ती फक्त कण पकडते. सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनचे ऑक्साइड किंवा पाऱ्याची वाफ या वायुरूप गोष्टी तिच्यातून तशाच निघून जातात. त्यांच्यासाठी वेगळी यंत्रणा लागते.

पकडलेल्या राखेचे पुढे काय होते, हा प्रश्न मला सगळ्यात जिव्हाळ्याचा वाटतो. हॉपरमधली कोरडी राख बल्करमधून सिमेंट कारखान्यांकडे आणि विटांच्या भट्ट्यांकडे गेली तर ती माल आहे. पोझोलाना सिमेंटमध्ये १५ ते ३५ टक्के फ्लाय ॲश घालता येते, आणि तिच्यामुळे काँक्रीट दीर्घकाळ मजबूत होत राहते. उरलेली राख पाण्यात कालवून नळांतून वेल्हाळ्याच्या राखेच्या तलावात सोडली जाते. भुसावळचा उन्हाळा सगळ्यांना ठाऊक आहे. तलावाचा वरचा थर वाळला आणि वारा सुटला की तीच राख पुन्हा उडते. झाकण नसलेल्या ट्रकांतूनही ती रस्त्यावर सांडते. आसपासच्या गावांची ही तक्रार वर्षानुवर्षांची आहे. हजारातले ९९९ कण विजेने एकेक करून पकडायचे आणि मग ते वाऱ्याला देऊन टाकायचे, हे विज्ञानाचे अपयश नाही. व्यवस्थेने ते काम अर्धवट सोडलेले आहे. तलावाचा पृष्ठभाग ओला ठेवणे, भरलेल्या भागावर माती टाकून झाडे लावणे, राख बंद वाहनातूनच नेणे, यांत कठीण असे काही नाही. डिसेंबर २०२१ च्या केंद्रीय अधिसूचनेने औष्णिक केंद्रांवर शंभर टक्के राख वापरण्याची जबाबदारी टाकली आहे.

भुसावळ, वरणगाव आणि तापीकाठच्या गावांतल्या वाचकांनी एवढे करावे. चिमणीतून बाहेर पडणाऱ्या धुळीची अखंड नोंद ठेवणारे यंत्र अशा प्रत्येक केंद्राला सक्तीचे आहे, आणि ती नोंद प्रदूषण नियंत्रण मंडळापर्यंत जाते. तो आकडा ग्रामसभेत मागा, माहितीच्या अधिकारात मागा. घनमीटरमागे ५० मिलिग्रॅम, ही ५०० मेगावॅटच्या संचांची मर्यादा पाठ ठेवा. त्याबरोबर आणखी दोन प्रश्न लेखी विचारा : गेल्या वर्षात ईएसपीची किती फील्ड किती तास बंद होती, आणि पकडलेल्या राखेतली किती टन राख कोरडी उचलली गेली.